‘आड’ म्हणजे नेमके किती दिवस?

रात्री दोनचा रिकामा रेल्वे फलाट. बंद मॉलमधला सरकता जिना. उन्हाळी सुट्टीतला शाळेचा व्हरांडा. मागे संथ संगीत आणि वर दोन शब्द : ‘लिमिनल स्पेस’. असले रील्स तुमच्याही फोनवर येत असतील. मला त्यातले काही आवडतातही. पण ते पाठवणारे मित्र हटकून एक वाक्य जोडतात, ‘याला मराठीत शब्दच नाही ना!’ माझं भांडण त्या वाक्याशी आहे.

शब्द आहेत. ढिगाने आहेत. शीव, वेस, धुरा, पांदण, उंबरठा, ओसरी, देवडी, माजघर, तिन्हीसांज, अधांतरी, त्रिशंकू, आड. धड इकडची नाही, धड तिकडची नाही अशी जागा किंवा वेळ दिसली की मराठी माणसाने तिचं बारसं केलेलं आहे. हे शब्द रील्सच्या कामाचे नाहीत, एवढंच खरं. कारण त्यांत नुसती हुरहूर नाही. जवळजवळ प्रत्येकात एक माप आहे, एक नियम आहे आणि तिथे कोणी किती वेळ थांबायचं याचा हिशेब आहे. तो हिशेब आपण विसरलो तर फायदा कुणाचा होतो, हा माझा मुद्दा आहे.

‘लिमिनल’ हा शब्द तरी कुठून आला? लॅटिन ‘लिमेन’ म्हणजे उंबरठा. आर्नोल्ड व्हान जेनेप या अभ्यासकाने १९०९ मध्ये संस्कारविधींच्या तीन पायऱ्या मांडल्या : जुन्यातून सुटणं, मधे असणं, नव्यात सामील होणं. पुढे १९६०च्या दशकात व्हिक्टर टर्नरने त्या मधल्या पायरीवर विस्ताराने लिहिलं. या दोघांच्या ‘मधे’ला एक आधी होता आणि एक नंतर होता. मुलाला, नवरीला, दीक्षा घेणाऱ्याला तिथून पलीकडे न्यायची जबाबदारी कुणावर तरी होती. रील्सनी ती जबाबदारी गाळली आणि वातावरण तेवढं ठेवलं.

दोन चौकोन, एकच सूत्र

मला शब्दकोड्यांचं व्यसन आहे. पेपरातली सोडवतो, फोनवरचीही सोडवतो. ‘मधला भाग’ असं सूत्र दिसलं आणि दोन चौकोन असले की हात आपोआप ‘मध्य’ लिहितो. चार असले तर ‘मधोमध’. ‘ना स्वर्गात ना पृथ्वीवर’ आणि तीन चौकोन, की ‘त्रिशंकू’. इंग्रजी कोड्यांचीही तीच तऱ्हा : ‘अमिड’, ‘मिड्स्ट’, ‘लिम्बो’. छोटे आणि स्वरांनी भरलेले शब्द चौकटीत सहज बसतात, म्हणून तेच ते परत येतात. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन यांचं कोडं छापून आलं, आजच्या शब्दकोड्यांचा वंश तिथून सांगतात. ते हिऱ्याच्या आकाराचं होतं आणि मधोमध चक्क रिकामं होतं.

मराठी कोड्यांचं एक लाडकं उत्तर म्हणजे ‘आड’. सूत्र ठरलेलं : ‘विहीर’. रचणारा जरा हौशी असला तर ‘इथे नसेल तर पोहऱ्यात कुठून?’ पण ‘दोन दिवसांच्या मधे टाकलेला दिवस’ असं सूत्र मी आजवर एकदाही पाहिलेलं नाही. आणि माझं शहर, छत्रपती संभाजीनगर, नेमकं त्याच अर्थात राहतं.

‘आड’चे अर्थ मोजून बघा. ढगाआड, दाराआड : झाकणारा आड. ‘आड येणं’ : अडवणारा आड. आडवाट, आडगाव : मुख्य रस्त्यापासून बाजूला पडलेला आड. आणि महिन्याआड, दिवसाआड : वगळलेल्या काळाचा आड. दोन अक्षरांत पडदा, अडथळा, आडबाजू आणि खाडा. रोज ‘आडवे शब्द’ आणि ‘उभे शब्द’ असे मथळे देणाऱ्यांना यातली फक्त विहीर दिसते.

एका शब्दात एक दिवस

पैठणचं जायकवाडी धरण या शहरापासून पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. नाथसागराची साठवण सुमारे १०२ टीएमसी. तो काठोकाठ भरलेला असतानाही शहरातल्या नळांना रोज पाणी आलेलं नाही. त्याआधीचा इतिहासही पाण्याचाच आहे. सतराव्या शतकात मलिक अंबरने इथे जमिनीखालून नहरी आणल्या, आणि पाणचक्की बघायला आजही पर्यटक येतात. अशा शहरात पाणी किती दिवसांनी येतं, हे सांगायला ‘आड’ हा शब्द लागतो. आधी एक दिवसाआड, मग दोन, मग तीन, मग पाच. उन्हाळ्यात काही वसाहतींत आठवडा उलटून जातो.

आता गणित करू. ‘दिवसाआड पाणी’ म्हणजे आज आलं, उद्या नाही, परवा येणार. मधे एक दिवस. यात कुणाचा गोंधळ होत नाही. ‘तीन दिवसांआड’ म्हणजे मधे तीन दिवस कोरडे आणि पाणी चौथ्या दिवशी. पण ‘दर तीन दिवसांनी’ म्हणजे पाणी तिसऱ्याच दिवशी. बोलताना आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो. वर्षाचा हिशेब मांडला तर दर तीन दिवसांनी पाणी आलं की वर्षात सुमारे १२१ पाळ्या होतात. तीन दिवसांआड आलं की सुमारे ९१. एका शब्दाच्या ढिलाईत वर्षाच्या तीस पाळ्या गेल्या. गच्चीवर मोठी टाकी असलेल्याला हा फरक जाणवणार नाही. दोन ड्रमवर चार माणसांचं घर चालवणाऱ्या बाईला तो बरोबर कळतो. खोली करून राहणाऱ्या पोरांनाही कळतो, कारण चौथ्या दिवशी टँकरसाठी वर्गणी काढायची की पाचव्या, हे त्यांना आधी ठरवावं लागतं.

नवी पाणीपुरवठा योजना मंजूर झाली तेव्हा १,६८० कोटींची होती. डिसेंबर २०२० मध्ये तिचं भूमिपूजन झालं. पुढे ती २,७४० कोटींवर गेली. २३ मे २०२२ रोजी पाण्यासाठी इथे मोठा मोर्चा निघाला. त्याच महिन्यात वार्षिक पाणीपट्टी ४,०५० रुपयांवरून २,०२५ रुपये करण्यात आली. नीट बघा, इथे काय झालं. किंमत रुपयापर्यंत नेमकी ठरली. आड मात्र धरणाची पातळी, वीजपुरवठा आणि फुटणारी जलवाहिनी यांच्या भरवशावर राहिला. मधल्या दिवसांना सवलत मिळाली, मर्यादा मिळाली नाही.

मधे थांबायचं, तर माप लागतं

आपल्या जुन्या शब्दांकडे या नजरेने बघितलं की गंमत दिसते. उंबरठ्याचंच घ्या. नवी नवरी घरात येते तेव्हा उंबरठ्यावर काय ठेवतात? धान्याने भरलेलं माप. ते ओलांडून ती आत येते. उंबरठ्यावर बसू नये, तिथे उभं राहून देणंघेणं करू नये, असं आजी सांगायच्या ते याच जातीचं. ही जागा ओलांडायची आहे, मुक्कामाची नाही, असा तो नियम.

धुरा घ्या. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बांध म्हणतात, तो आमच्याकडे धुरा. दोन शेतांमधली हातभर पट्टी, आणि तिच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडणं. ‘धुरा कोरला’ हे दोन शब्द मराठवाड्यात फौजदारीपर्यंत नेऊ शकतात. पण या हातभर जागेला कायदा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून जायच्या वाटेचा वाद तहसीलदाराकडे जातो आणि तो निर्णय देतो. पांदण म्हणजे दोन बाजूंच्या शेतांमधून जाणारी वाट. तिच्यावर अतिक्रमण झालं तर गावनकाशा उघडता येतो. म्हणजे मधली जागा कुणाचीच नाही असं नाही. ती दोघांची आहे, म्हणून तिची नोंद आहे.

देवडी घ्या. वेशीच्या किंवा वाड्याच्या दरवाजाला लागून पहारेकऱ्यांना बसायची जागा ती देवडी. बाहेरून आलेल्याने तिथे थांबायचं, आत वर्दी जायची, हुकूम यायचा. निजामी मुलखात तर सरदाराच्या अख्ख्या वाड्यालाच देवडी म्हणू लागले. आमच्या शहरात दिवाण देवडी नावाचा भाग अजून आहे. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून आम्ही मिरवतो. भडकल गेट मलिक अंबरच्या काळातलं, १६१२चं. ‘पैठण गेटला भेटू’ असं पोरं आजही म्हणतात. दरवाजाला पत्ता मानणाऱ्या शहराला मधल्या जागेचा शब्द उसना आणायची गरज पडावी, हे मला पटत नाही.

इथे कुणीतरी हात वर करेल, आणि केलाच पाहिजे. ‘हे सगळं जुनं कौतुक पुरे. वेशीला माप होतं ते कुणाला बाहेर ठेवायला? गावकूस हा पण मधलाच शब्द ना?’ बरोबर आहे. गावकुसाबाहेर कोणी राहायचं हे जातीने ठरवलेलं होतं. देवडीत काही जणांना थांबवलं जायचं आणि काही जणांना तिथवरसुद्धा येऊ दिलं जात नव्हतं. माप असलं म्हणजे न्याय असतो, असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की माप असलं की अन्याय दाखवता येतो. गावकूस या शब्दाला निश्चित रेष होती, म्हणून त्या रेषेपलीकडच्या माणसांना तिच्यावर बोट ठेवून लिहिता आलं, मोर्चे काढता आले. १९५० मध्ये बाबासाहेबांनी याच शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा त्यांना कुठली रेष ओलांडायची आहे ते माहीत होतं. ‘आम्ही लिमिनल आहोत’ असं म्हणून कुठल्या कचेरीत अर्ज देता येत नाही.

माप नसलेले मधले शब्द

कचेऱ्यांचे शब्द याच्या नेमके उलटे असतात. मधे ठेवतात, पण किती आणि कुठवर ते सांगत नाहीत. मराठवाड्याने असे शब्द पिढ्या न्‌ पिढ्या खाल्ले आहेत.

देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. तो १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला. मधे ३९९ दिवस गेले. त्या दिवसांसाठी सरकारी शब्द होता ‘जैसे थे’. २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार एका वर्षाचा होता. कागदावर सगळं जागच्या जागी. गावांत मात्र रझाकारांचे हल्ले होत होते आणि माणसं घरदार सोडून सीमेपलीकडच्या छावण्यांत जात होती. जैसे थे हा शब्द वरून बघणाऱ्यासाठी होता. ज्याचं घर जळलं त्याच्यासाठी काहीच जैसे थे नव्हतं.

दुसरा शब्द मला जास्त बोचतो : नामविस्तार. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, माणसं मारली गेली. पोचीराम कांबळे यांच्यापासून गौतम वाघमारे यांच्यापर्यंत अनेकांनी या नावासाठी जीव गमावला. अंमलबजावणी झाली १४ जानेवारी १९९४ रोजी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. जुनं नाव राहिलं, पुढे नवं जोडलं. नामांतर नाही, नामविस्तार. मधला मार्ग.

मी त्या तडजोडीला नावं ठेवत नाही. त्या वेळी रक्तपात थांबवायला ती लागली, असं मानणारी माणसं दोन्हीकडे होती आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. माझा प्रश्न शब्दाला आहे. ‘मधला मार्ग’ म्हटलं की दोन्ही बाजूंनी सारखंच सोडलं असं वाटतं. एका बाजूने जुन्या नावाचा एकटेपणा सोडला. दुसऱ्या बाजूने साडेपंधरा वर्षं, घरं आणि माणसं सोडली. नामविस्तार या पाच चौकोनांत हा हिशेब दिसत नाही. म्हणून लोकांनी तो स्वतःच्या तोंडी ठेवला. दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर हजारोंची गर्दी होते. दिवसाचं नाव नामविस्तार दिन, पण लढ्याचं नाव विचारा, उत्तर येतं ‘नामांतर’. तो शब्द त्यांनी सोडलेला नाही, आणि सोडूही नये.

आणि आता तुमच्या-माझ्या पिढीचे शब्द. ‘प्रतीक्षा यादी’. ‘प्रक्रिया सुरू आहे’. ‘विचाराधीन’. ‘टप्प्याटप्प्याने’. ‘तासिका तत्त्व’. यातला शेवटचा तर कोड्यात टाकण्याच्या लायकीचा आहे : ‘शिकवतो पण नोकरीत नाही’. नेट-सेट झालेला, पीएच.डी. असलेला माणूस वर्गावर उभा राहतो, पेपर तपासतो, मुलं त्याला सर म्हणतात. पैसे तासाचे, सुट्टीच्या महिन्यांचे नाहीत. दहा वर्षं तो उंबरठ्यावर उभा आहे आणि त्याच्यासमोर कुणी माप ठेवलेलं नाही. नोकरी नाही असं त्याला म्हणता येत नाही, आहे असं सांगून लग्न ठरत नाही. या अवस्थेला ‘लिमिनल’ म्हणून तिच्यावर धूसर फिल्टर लावणारा माणूस त्याचा मित्र असेल, पण त्याच्या बाजूचा नाही.

एकदा आपण मोजलं होतं

मधली जागा मोजता येते, आणि मोजली की तिच्यावर हक्क सांगता येतो, याचं उदाहरण मराठवाड्यातच आहे. तो शब्द म्हणजे अनुशेष. राज्याची सरासरी पातळी आणि मागे राहिलेल्या जिल्ह्याची पातळी यांच्यामधलं अंतर. १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत हे अंतर रुपयांत मांडलं. एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी, त्यात मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी. पद्धतीवर वाद झाले, ते व्हायलाच हवेत. पण त्या आकड्याने एक गोष्ट केली. ‘आमच्यावर अन्याय होतो’ हे गाऱ्हाणं होतं, त्याचं ‘एवढं येणं आहे’ असं बिल झालं. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली ती त्याच धाग्याने. त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि अनुशेष हा शब्द भाषणांपुरता उरला. आज त्याच्या जागी ‘टप्प्याटप्प्याने’ आहे. अनुशेषाला दशांश चिन्हापर्यंत आकडा होता. टप्प्याला तेवढंही नाही.

कुणी म्हणेल, शब्द नेमका वापरून नळाला पाणी येतं का? येत नाही. पण शब्द ढिला वापरून ते न येण्याची तक्रारही करता येत नाही. ‘तीन दिवसांआड’ असं तारीख घालून लिहून घेतलं, तर पाचव्या दिवशी तुमच्याकडे दाखवायला काही असतं. ‘टंचाईमुळे अंतराने’ असं लिहून दिलं, तर काहीच नसतं.

तेव्हा माझ्या मागण्या तीनच, आणि तिघांकडे आहेत. कोडी रचणाऱ्यांनो, पुढच्या वेळी ‘आड’साठी विहीर देऊ नका, ‘नळ कोरडा असतो तो दिवस’ असं सूत्र द्या. बघा किती जणांना पटकन सुटतं ते. रील्स करणाऱ्यांनो, रिकामे फलाट खुशाल दाखवा, पण एकदा त्यावर झोपलेल्या परीक्षार्थ्याला विचारा, की तुझी गाडी कितीला आहे आणि निकाल कधी आहे. आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्या कॉलनीच्या ग्रुपवर पाण्याचा पुढचा मेसेज येईल तेव्हा अंगठा दाखवून पुढे जाऊ नका. खाली एक ओळ लिहा : ‘आड म्हणजे नेमके किती दिवस? तारीख सांगा.’